शनीकडे जाणारं झाकण

३० सप्टेंबर, मंगळवार

पूजा करायचीच म्हणतात! आज कॅन्टीनमध्ये जेवण बाजूला राहिलं आणि यावरच वाद. उद्या खंडेनवमी. लेथची पूजा, कॉम्प्रेसरची पूजा, गेटवरच्या वॉचमनच्या काठीचीसुद्धा पूजा – दरवर्षी होते, मी कधी बोलत नाही. पण यंदा सगळ्यांना झाकणाची पूजा करायची आहे.

झाकण म्हणजे ते झाकण. चाकणच्या आमच्या पत्र्याच्या शेडमधून निघून ते शनीच्या एका चंद्रावर जाणार आहे. एन्सेलाडस. वर बर्फ, खाली समुद्र, बर्फाच्या भेगांतून पाण्याचे फवारे उडतात. यान तिथे उतरणार, खाली पडणारा बर्फ एका डबीत धरणार आणि त्यात काही जिवंत आहे का ते तिथल्या तिथे तपासणार. डबी परदेशातली, झाकण आमचं. आधीच्या कंपनीचं नापास झालं म्हणून ऐनवेळी आमच्या पदरात पडलं. तळहातावर मावेल एवढं, पण सहा महिने सगळ्या कंपनीची झोप त्याने उडवली आहे.

माझं काम एवढंच, की त्याला चिकटून इथलं काही जिवंत तिकडे जाऊ नये. मायक्रोबायॉलॉजी शिकले तेव्हा वाटलं होतं दवाखान्यात नोकरी करीन. आता धातूचे तुकडे स्वच्छ आहेत की नाही ते बघते. माझ्या पाठीमागे मला सोवळेबाई म्हणतात. मला माहीत आहे.

सयाजीराव आमचे सुपरवायझर, इथल्याच महाळुंग्याचे. ते म्हणाले, "मॅडम, शनीकडं धाडायचं आन् हळदकुंकू न्हाई? शनी हाय त्यो. थट्टा न्हाई."

सगळे हसले. पण मोकळं कुणी हसलं नाही. मीही नाही. साडेसाती वगैरे मी मानत नाही – आणि शनिवारी नखंही कापत नाही. असो.

ठाम नाही म्हटलं. हळद घरात औषध, पण माझ्या दृष्टीने जंतूंची वखार. कुंकवाचं तर विचारूच नये. तोंडं उतरली सगळ्यांची. मग मलाच युक्ती सुचली. झाकणं दोन केली आहेत – एक जाणारं, एक स्पेअर. स्पेअर इथेच कपाटात राहायचं. त्याची करा म्हटलं, कॅन्टीनमध्ये, हवी तेवढी हळद लावा! सयाजीराव एकदम खूश. माझं मलाच कौतुक वाटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

पूजा झाली. स्टीलच्या ताटलीत स्पेअर, झेंडूची फुलं, नारळ, अक्षता. आरतीला मालकसुद्धा आले. इतकी हळद वाहिली की झाकण दिसेना.

कुसुमताई शेवटी पाया पडल्या. क्लीनरूममधल्या, म्हणजे काचेपलीकडच्या निर्जंतुक खोलीतल्या, सगळ्यात जुन्या. परभणीकडच्या. बोलणं कमी. जाणारं झाकण शेवटच्या पिशवीत भरायचं काम त्यांच्याकडे आहे, कारण तेवढा स्थिर हात दुसऱ्या कुणाचा नाही. ताटलीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला विचारलं, हे जायचं नाही ना? म्हटलं नाही, हे इथेच. आणि जायचं ते? ते आत आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

नेमकं शनिवारी निघावं!

सकाळी जाणाऱ्या झाकणावरून शेवटचा स्वॅब घेतला – म्हणजे निर्जंतुक कापसाने पुसून बघायचं, कापसावर काही येतं का. मग भरण्याचं काम. मी काचेच्या या बाजूला, कुसुमताई त्या बाजूला. कपडे बदलायच्या खोलीतल्या आरशावर बायकांच्या टिकल्यांची रांग लागलेली असते. आत जाताना काढायच्या, बाहेर आल्यावर लावायच्या. पांढरा सूट, टोपी, मास्क, फक्त डोळे उघडे. हातात दोन-दोन ग्लोव्हज. झाकणाला हात लावायच्या आधी वरचं ग्लोव्ह काढायचं आणि नवं चढवायचं. त्यांनी ते नेहमीसारखं केलं. टेबल त्या बाजूला असल्यामुळे त्यांची पाठ माझ्याकडे. पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी, मग डबा. माझी सही.

सयाजीरावांनी गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. चिरडून गाडी निघाली मुंबई विमानतळाकडे. टाळ्या वाजल्या.

तिकडच्या, म्हणजे परदेशात डबी जोडणाऱ्या बाईंचा मेसेज आला. सप्टेंबरमध्ये आठवडाभर येऊन गेल्या होत्या त्या. मराठीतला एकच शब्द शिकून गेल्या. तोच विचारला – "स्वच्छ?" मी लिहिलं, "स्वच्छ."

९ ऑक्टोबर

स्पेअर धुतलं, स्पिरिटने पुसलं, ओव्हनमध्ये तापवलं. जाणाऱ्यासाठी जे जे केलं ते सगळं. आता ते कपाटात ठेवून द्यायचं. पण मला चैन कुठली! सहज म्हणून स्वॅब घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. वरद (नवराच तो, बोलणारच) म्हणतो, तुला दह्याचाही संशय येतो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

उगवलंय.

स्पेअरचा स्वॅब फिरवलेल्या, जंतू वाढवायच्या प्लेटवर मळकट पांढरा, सुरकुतलेला ठिपका. त्याच्या बाजूला दुसरा. मायक्रोस्कोपखाली बघितलं – दांड्यासारखे, आणि प्रत्येकाच्या पोटात चकाकता दाणा. बीजाणू. खात्री करायला कॅन्टीनच्या डब्यातली हळद आणली, तीही त्याच ओव्हनमध्ये तेवढाच वेळ तापवली होती. तिच्यातूनही हेच आलं.

मला हे पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांनी आज बघितलं. हे जीव वाईट दिवस आले की स्वतःभोवती कवच करून पडून राहतात. पाणी नाही, खाणं नाही, श्वास नाही. मेल्यात जमा. वर्षानुवर्षं. उष्णता सोसतात, थंडी सोसतात. पाणी मिळालं की उठून बसतात. जणू काही झालंच नाही.

आमचा ओव्हन हळदीला पुरा पडत नाही, एवढा याचा अर्थ.

घरी वरदला सांगितलं. तो म्हणाला, बरंच झालं की मग, स्पेअरवर केलीत पूजा. बरोबर आहे त्याचं. जाणाऱ्याला हळदीचा वाराही लागलेला नाही. मी स्वतः बघितलंय. मग मी सारखे हात का धुतेय?

१४ ऑक्टोबर

स्पेअरच आहे ते. स्पेअरच आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी तोंडावर. आकुर्डीच्या भाजी मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती. चकल्यांची भाजणी दळून आणली. इरा स्वयंपाकघरात फरशीवर चित्र काढत बसली होती. चौथीत आहे, शाळेत विषय दिलाय – पृथ्वीबाहेर जीव असतील का. तिने अर्थातच आईचा समुद्र घेतला. वर पांढरा बर्फ, खाली काळं पाणी, पाण्यात एक लांबोळकं काहीतरी. बाईंनी सांगितलं म्हणे, याला डोळे काढ. इराने नाही काढले. म्हणाली, "एवढ्या अंधारात डोळे कशाला लागतायत?"

बरोबर बोलली. मी किती तरी वेळ ते चित्र बघत राहिले. भाजणी तशीच.

लोकांना वाटतं, माझ्यासारखीला तिथे कुणी सापडलं तर केवढा आनंद होईल. मला तिथे कुणी नसेल याची भीती नाही. असेल याची आहे. असेल तर ते इतकी कोटी वर्षं एकटं आहे. त्याच्या पाण्यात कधी कुणी बाहेरचं आलेलं नाही. त्याला आजारच माहीत नसेल. आणि आपण डबी घेऊन निघालोय.

इराला विचारलं, हा काय खातो? म्हणाली, अजून ठरवलं नाही.

२ नोव्हेंबर

कंपनीची बस तळवड्याच्या पुढे गेली की इंद्रायणी लागते. जलपर्णी पुन्हा पसरायला लागली आहे. पाणी दिसतच नाही, नुसतं हिरवं. लांबून वाटतं क्रिकेट खेळावं त्याच्यावर. दरवर्षी महापालिका काढते, दरवर्षी येते. काल बसमध्ये कुणीतरी म्हणालं, किती छान जांभळी फुलं आहेत. त्या फुलांसाठीच आणली होती म्हणतात कुणी तरी या देशात, हौसेने. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं.

हा विचार डोक्यातून जातच नाही. वरद म्हणतो, रजा घे.

१२ नोव्हेंबर

परदेशातून फोटो आला. झाकण बसलं. डबी बंद. आता ती थेट तिकडेच उघडणार, बर्फात.

मालकांनी फोटो मोठा करून रिसेप्शनला लावला. सगळे त्याच्यापुढे उभे राहून सेल्फी काढतायत. मीही काढला. माझा चेहरा बघवत नाही त्यात.

२० नोव्हेंबर

उड्डाण सात डिसेंबरला. पोचायला इतकी वर्षं, की तोवर इरा नोकरीला लागलेली असेल.

माझे जाणाऱ्या झाकणाचे सगळे स्वॅब पुन्हा काढून बघितले. कोरे. एकाही प्लेटवर काही नाही. मग जरा जेवण गेलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी

जसं आठवेल तसं लिहिते.

कुसुमताईंनी डबा आणला होता. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, पातीचा कांदा. खंडोबा त्यांचं कुलदैवत, आज त्यांचे सहा दिवसांचे उपास सुटले. प्रसाद घ्या म्हणून मला कॅन्टीनच्या मागे सावलीत घेऊन गेल्या. बसले. त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, झाकण गेल्यापासनं बघायलेय मी. तुमी लई भ्यायलात."

म्हटलं हो, भ्यायलेय.

"नका भिऊ. त्याला काय बी होत नाही. मी त्याला कोरडं नाही धाडलं."

मला समजलंच नाही. भाकरी मोडत होते. म्हटलं, म्हणजे?

त्या लाजल्या. हो, लाजल्याच. एखाद्याला न सांगता केलेलं चांगलं काम उघडं पडावं तशा.

"घरात राहणारीला हळदकुंकू आन् लांब सासरला निघालेलीला कोरडं कपाळ? असं कुठं असतंय का, मॅडम. आन् सासर बी कुणाचं, तर शनीचं. जेजुरीचा भंडारा लावला जरासा. आतल्या अंगाला, कुणाला दिसू नये म्हणून. चिमूट बी नाही, नुसतं बोट टेकवलं. मग पुसून घेतलं. डाग नाही ठिवला."

भंडारा. हळद. खंडोबाची असली तरी हळदच.

विचारलं, पण ग्लोव्हज? त्यांनी समजावून सांगितलं, मी नव्या मुलींना समजावते त्या शांतपणाने. कपडे बदलायच्या खोलीत आतल्या ग्लोव्हचं बोट भंडाऱ्यात टेकवलं. वर दुसरं ग्लोव्ह चढवलं, म्हणजे बाहेर काही सांडायला नको. आत टेबलाशी वरचं ग्लोव्ह बदलायचं असतंच. जुनं काढलं, नवं चढवायच्या आधी एकदा बोट टेकवलं. मग नवं चढवलं. नियमाच्या बाहेर त्यांनी काहीच केलं नाही. दोन नियमांच्या मधल्या फटीत एक नमस्कार घातला.

आणि तो शेवटच्या स्वॅबनंतर. ओव्हननंतर. म्हणून माझ्या प्लेटा कोऱ्या!

आतल्या अंगाला. ज्या अंगाला बर्फ लागणार, त्याच.

मी काय केलं? ओरडले नाही. भरीत खाल्लं. त्या बाईचे सहा दिवसांचे उपास सुटले होते आणि ती पहिला घास मला देत होती. मग त्यांनी पुडी काढून माझ्या कपाळाला भंडारा लावला. म्हणाल्या, आता तुमीबी भिऊ नका.

पुसला नाही. लॅबमध्ये जाईपर्यंत तसाच राहू दिला.

२७ नोव्हेंबर

सयाजीरावांना सांगितलं. केबिनचं दार लावून.

आधी हसले. मग माझ्याकडे बघून थांबले. खुर्चीत टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आता तोंड उघडलं तर आधी कुसुम जाईल. मंग मी. मंग तुमी, सही तुमची हाय. मंग ह्या गेटाला कुलूप. आन् मॅडम, तितक्या लांब, त्या थंडीत, त्ये जितं राहतंय व्हय?"

कदाचित नाही राहत, म्हटलं. पण राहूही शकतं. त्यासाठीच ते तसे झालेत. त्यांनी टोपी पुन्हा चढवली. मग म्हणाले, पूजा नको म्हणून आधीच ठाम राहिला असतात तर? एकाची करा, एकाची नको, हे बायामाणसांना कसं सोसेल. रागाने नाही बोलले. तरी लागलं. कारण खरं आहे. एकीला पाटावर बसवून ओवाळायचं आणि दुसरीला मागच्या दाराने लावून द्यायचं, असलं शहाणपण मलाच सुचलं होतं.

मालकांना मी सांगतो म्हणाले. माझ्यावर सोडा म्हणाले.

सोडलं. केवढं हलकं वाटलं! लाज वाटली पाहिजे मला.

३० नोव्हेंबर, रविवार

कपाळावरचा भंडारा कागदावर खरवडून, ओव्हनमधून काढून, बुधवारीच एका प्लेटवर घातला होता. आज सुट्टी असून चाकणला जाऊन बघून आले.

उगवलंय.

१ डिसेंबर

सयाजीरावांना विचारलं, मालकांना सांगितलंत? "सांगितलंय," म्हणाले. कॉम्प्रेसरकडे बघत. आज दिवसभर ते त्या कॉम्प्रेसरजवळच होते, आणि त्याला काही झालेलं नव्हतं.

मालक जिन्यात भेटले. मला बघून प्रसन्न हसले. सात तारखेला सगळ्यांना घेऊन कंपनीतच मोठ्या पडद्यावर बघू म्हणाले, मुलीला आणा. ज्याला हे माहीत आहे तो माणूस असा हसणार नाही.

मग मी का नाही सांगितलं, तिथल्या तिथे, जिन्यात? तोंड उघडलं होतं मी. "सर" म्हटलंसुद्धा. मग म्हटलं, मुलीला नक्की आणते.

३ डिसेंबर

स्वतःला समजावते. तिथे जाईपर्यंत सूर्याचा मारा आहे, पोकळी आहे. कपाळावरचं वेगळं, पुसलेलं वेगळं. पुसताना बहुतेक गेलंच असेल. तिथलं पाणी खारट आहे, त्यांना नाही मानवणार. एक बोट. एवढासा भंडारा. वरदला शेवटी सगळं सांगितलं, तो म्हणाला, अगं समुद्र आहे तो, त्यात एक चिमूट काय होणार?

दह्याला विरजण किती लागतं, असं विचारलं त्याला. तो उठून गेला.

आणि दुसरी भीती याहून मोठी. ती कुणाला सांगितलीच नाही. समजा पोचलं. समजा डबी बंद झाली आणि आतून निरोप आला की जिवंत आहे. सगळं जग नाचेल. शाळांना सुट्ट्या देतील. मोठमोठी माणसं टीव्हीवर येऊन रडतील. आणि ते जेजुरीचं असेल! आणि खरोखर तिथे जे असेल, इराचं ते बिनडोळ्यांचं, त्याचं कुणी नावही घेणार नाही. नंतर कुणी बघायला जाईल तर ते उरलेलंही नसेल कदाचित. हे पृथ्वीवर फक्त आम्हा चौघांना माहीत असेल. मला, वरदला, सयाजीरावांना, आणि कुसुमताईंना – त्यांना आपण चांगलं केलं एवढंच माहीत.

त्यांना खरं सांगायचं का? आज काचेतून बघत होते. दुसऱ्या कुठल्या तरी कामाचे भाग भरत होत्या. हात किती स्थिर. नाही सांगितलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी डबा खात होते. फोन वाजला. तिकडच्या बाईंचा मेसेज. यान रॉकेटच्या टोकावर ठेवलेलं, त्याच्यापुढे त्या, हसऱ्या, हेल्मेट घालून. खाली तोच एक शब्द, गमतीने. "स्वच्छ?"

आता एका फोनने थांबतं. टोक उघडतील, झाकण काढतील, पुन्हा भाजतील. आमचं नाव जाईल. मुहूर्त चुकेल, मग शनी पुन्हा नीट जागेवर येईपर्यंत वाट बघावी लागेल. त्या बाई रडतील. पण थांबतं.

"नाही" लिहिलं. बघत बसले. समोरच्या टेबलावर कुसुमताई कुणाला तरी लोणचं वाढत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी हाताने विचारलं, हवंय?

"नाही" पुसलं.

"स्वच्छ" लिहून पाठवलं. मग लोणचं घेतलं.

मी भित्री आहे. आयुष्यभर भीत आले – पाण्याला, दह्याला, शनीला. भिणाऱ्या माणसाच्या हातून निदान वाईट तरी काही होत नाही असं वाटायचं.

६ डिसेंबर

पेढे आले. चितळ्यांचे खोके, वर आमच्या कंपनीचं नाव छापलेलं. उद्या.

७ डिसेंबर, रविवार

उडालं. काही बिघडलं नाही. सगळं व्यवस्थित.

सयाजीराव बाहेर निघून गेले. कुसुमताईंनी पडद्याला हात जोडले. इरा माझ्या शेजारच्या खुर्चीवर उभी राहिली होती, धूर विरल्यावर कानाशी येऊन म्हणाली, आई, खरं सांग, तिथे कुणी असेल का गं?

"आता असेल," म्हटलं.

तिने मला घट्ट मिठी मारली आणि सगळ्यांना सांगत पळाली.